बिदागी आणि रॉयल्टी: सर्व्हिस कंपनी कोणती, प्रॉडक्ट कंपनी कोणती?

हिंजवडीत समोरासमोर उभ्या असलेल्या दोन काचेच्या इमारती बाहेरून बघून आत काय चालतं ते सांगता येत नाही. दोन्हीकडे गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं, दोन्हीकडे जावा नि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा, दोन्हीकडे ‘सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर’ हेच पद. फरक बघायचा तर त्या कंपनीने ग्राहकाला पाठवलेलं बिल हातात घ्यावं. एका बिलात लिहिलेलं असतं: इतके डेव्हलपर, इतके टेस्टर, इतके तास, ताशी दर अमुक. दुसऱ्या बिलात कंपनीच्या माणसांचा उल्लेखच नसतो. इतके वापरकर्ते, इतके महिने, दर वापरकर्त्यामागे इतके पैसे, संपलं. पहिली सर्व्हिस कंपनी, दुसरी प्रॉडक्ट कंपनी.

आपण दोघींनाही सरसकट ‘सॉफ्टवेअर कंपनी’ म्हणतो आणि मुलगा ‘आयटीत आहे’ एवढं सांगून मोकळे होतो. पण देशाचा आयटी उद्योग वाढला कसा आणि पुढे त्याचं काय होणार, हे समजून घ्यायचं तर हा फरक सोडून चालत नाही.

गवयाचं उदाहरण घेऊ. त्याला मैफिलीची बिदागी मिळते. गायला तर मिळते, घसा बसला तर नाही. जास्त कमवायचं तर जास्त मैफिली करायच्या. त्याच गवयाची ध्वनिमुद्रिका निघाली, तर तो झोपेत असतानाही ती विकली जाते. दहा हजारावी प्रत काढायला त्याला पुन्हा गावं लागत नाही. मात्र ध्वनिमुद्रिका काढण्याचा खर्च आधी करावा लागतो, आणि ती कोणी घेतलीच नाही तर तो बुडतो. बिदागीत असा धोका नाही. सर्व्हिस कंपनीने लिहिलेला कोड साधारणपणे ग्राहकाच्या मालकीचा होतो. काम संपलं की कंपनीकडे उरतो तो अनुभव. प्रॉडक्ट कंपनीचा कोड तिचाच राहतो आणि ती तो पुन्हा पुन्हा विकते.

आता प्रश्न असा की भारत बिदागीवाल्यांचा देश का झाला? आपल्याकडच्या लोकांना स्वतःचं काही घडवताच येत नाही, असं एक लाडकं उत्तर नेहमी ऐकू येतं. मला ते आळशी उत्तर वाटतं. इतिहासातल्या दोन-तीन गोष्टी बघितल्या की खरं कारण दिसतं.

टीसीएस १९६८ मध्ये सुरू झाली आणि फकीरचंद कोहली यांनी ती उभी केली. त्या काळात देशात संगणक मोजके, आयातीवर परवाने आणि जबर शुल्क, परकीय चलनाची चणचण. परकीय मालकीचा हिस्सा कमी करण्याचा नियम मान्य नसल्यामुळे आयबीएम १९७८ मध्ये देशातून निघून गेली. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली ती दहा हजार रुपयांच्या भांडवलावर, आणि तेही नारायण मूर्तींनी सुधाताईंकडून घेतलेले. दहा हजारांत प्रॉडक्ट होत नाही. प्रॉडक्टसाठी वर्ष-दोन वर्षं पगार देत बसावं लागतं, मग विक्रीची माणसं नेमावी लागतात, आणि पैसे आले तर त्यानंतर येतात. सर्व्हिसमध्ये महिना संपला की बिल लावता येतं. स्वतःचा संगणकही नसलेल्या कंपनीने अमेरिकेतल्या ग्राहकाच्या कचेरीत आपले इंजिनिअर पाठवून काम करून घेतलं. याला पुढे ‘बॉडी शॉपिंग’ असं काहीसं हिणवणारं नाव पडलं, पण भांडवल नसलेल्या माणसापुढे दुसरा रस्ता फारसा नव्हताच.

ग्राहकाचा मुद्दा आणखी मोठा. प्रॉडक्ट बनवायला ग्राहकाची रोजची कटकट जवळून दिसावी लागते, आणि संगणक विकत घेणारा ग्राहक तेव्हा होता सातासमुद्रापार. सर्व्हिसमध्ये ही अडचण येत नाही. काय हवं ते ग्राहकच लिहून देतो.

मग सरकारी धोरण बदललं. १९८४ मध्ये संगणक धोरण सैल झालं, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी चिप कंपनीने बंगळूरला केंद्र काढलं, १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली. उपग्रहाच्या जोडणीमुळे माणूस विमानाने पाठवण्याऐवजी नुसतं काम पाठवता येऊ लागलं. ‘ऑनसाइट’च्या, म्हणजे ग्राहकाच्या जागी जाऊन केलेल्या कामाच्या, जोडीला ‘ऑफशोअर’, म्हणजे इथेच बसून केलेलं काम, हा शब्द रुळला. निर्यातीच्या नफ्यावर करसवलत होती, ती २०११ पर्यंत चालली. त्यात सन २००० तोंडावर आलं. कोबोल या भाषेतल्या जुन्या प्रोग्रॅमांत वर्षाचे दोनच आकडे साठवलेले होते, म्हणजे १९०० आणि २००० यांतला फरक त्यांना कळला नसता. ते तपासून दुरुस्त करायला अमेरिकेला ढीगभर माणसं हवी होती. ती आपल्याकडे होती, इंग्रजी येणारी आणि स्वस्त. त्या निमित्ताने ज्यांच्याशी ओळख झाली त्या बँका आणि विमा कंपन्या नंतरही ग्राहक म्हणून टिकल्या. सर्व्हिसचा गाडा तिथून जो सुटला तो सुटलाच.

प्रॉडक्ट या देशात मुळीच झाले नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. जे झाले त्यांच्या जन्मकथा बघा. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचा हिशेब ठेवायला धड सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंका यांना, ते बनवायला सांगितलं. १९८६ मध्ये सुरू झालेला तो उद्योग म्हणजे टॅली. आज कोणत्याही तालुक्याच्या गावी सीएच्या ऑफिसात शिरा, समोर टॅली उघडलेलं दिसेल. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणक दुरुस्तीकडे वळले. दुकानात येणारी यंत्रं व्हायरसने गांजलेली असायची. धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून क्विक हील उभी राहिली, जी २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. दोन्ही ठिकाणी ग्राहक हाताच्या अंतरावर होता. टॅलीच्या बाबतीत तर घरातच. श्रीधर वेम्बू यांच्या झोहोने, म्हणजे १९९६ च्या ॲडव्हेंटनेटने, वेगळी वाट धरली. बाहेरचं भांडवल न घेता, कमावलेल्या पैशातून एकामागून एक प्रॉडक्ट काढत ती जगभर विकते, आणि कामाचा काही भाग तमिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या लहान ठिकाणी करते.

वाढीचा आकार

दोन प्रकारांमधला सगळ्यात मोठा फरक वाढीच्या आकारात आहे. नॅसकॉम या आयटी उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०२४-२५ मध्ये भारताच्या सगळ्या तंत्रज्ञान उद्योगाची उलाढाल सुमारे २८३ अब्ज डॉलर होती आणि त्यात सुमारे ५८ लाख लोक कामाला होते. जून २०२५ ला संपलेल्या वर्षात एकट्या मायक्रोसॉफ्टची उलाढाल जवळपास २८२ अब्ज डॉलर होती. कर्मचारी? सुमारे २ लाख २८ हजार.

हे आकडे शेजारी ठेवणं थोडं अन्यायाचं आहे, कबूल. मायक्रोसॉफ्ट अवाढव्य डेटा सेंटर चालवते, तिच्या मागे पन्नास वर्षांचा जम आहे, आणि शेकडो प्रॉडक्ट कंपन्या जन्मतात तेव्हा तिच्यासारखी एखादीच तगते. शिवाय ५८ लाख घरांत पगार पोचणं ही काही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडच्या कित्येक मध्यमवर्गीय घरांचे हप्ते या बिदागीवरच फिटले. पण आकार डोळ्यांत भरतो तो भरतोच. टीसीएसची मार्च २०२५ अखेरच्या वर्षाची उलाढाल तीस अब्ज डॉलरच्या थोडी वर आणि माणसं सहा लाखांहून थोडी जास्त. म्हणजे माणशी वर्षाला पन्नास हजार डॉलर. मायक्रोसॉफ्टचा हाच आकडा बारा लाख डॉलरच्या वर जातो.

सर्व्हिसमध्ये उलाढाल दुप्पट करायची तर माणसंही जवळपास दुप्पट लागतात. म्हणून तर दर वर्षी कॉलेजांतून हजारोंनी भरती. तळाशी भरपूर फ्रेशर, वर मोजके मॅनेजर, असा हा पिरॅमिड. तळाचा थर जितका रुंद आणि स्वस्त तितका नफा बरा, आणि फ्रेशरचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास वर्षानुवर्षं का घुटमळत राहिला याचं बरंचसं उत्तर इथे आहे. प्रोजेक्ट नसेल तर माणूस ‘बेंच’वर बसतो. पगार चालू, बिल बंद. बेंचवर किती जण आहेत याची काळजी प्रॉडक्ट कंपनीत कोणी अशी करत नाही. तिथली काळजी असते ती किती ग्राहकांनी या वर्षी वर्गणी नव्याने भरली नाही याची.

जिथे गोंधळ उडतो

सीमेवरची उदाहरणंही आहेत. फिनॅकल हे बँकांचं सॉफ्टवेअर अस्सल प्रॉडक्ट आहे, पण ते इन्फोसिस या सर्व्हिस कंपनीच्या पोटातलं. फ्लेक्सक्यूब हेही भारतात घडलेलं बँकिंग प्रॉडक्ट. ते बनवणाऱ्या आय-फ्लेक्समधला सिटीग्रुपचा हिस्सा २००५ मध्ये ओरॅकल या अमेरिकी प्रॉडक्ट कंपनीने विकत घेतला आणि पुढे ती कंपनी ओरॅकलच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आनंद देशपांडे यांच्या पुण्यातल्या पर्सिस्टंटने तर दुसऱ्यांचे प्रॉडक्ट बनवून देण्याची सर्व्हिस विकून नाव कमावलं. आत काम करणाऱ्याला ते प्रॉडक्टचंच काम वाटणार, आणि ते असतंही. बिल मात्र सर्व्हिसचं.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे जीसीसी (ग्लोबल कॅपॅबिलिटी सेंटर). परदेशी बँका, औषध कंपन्या, सॉफ्टवेअर कंपन्या यांनी भारतात काढलेली स्वतःची केंद्रं. २०२४ पर्यंत अशी सतराशेहून जास्त केंद्रं आणि त्यांत १९ लाखांवर लोक होते. पुण्यात बालेवाडीला किंवा खराडीला अशा केंद्रात लागलेला मुलगा अभिमानाने सांगतो, “मी प्रॉडक्ट कंपनीत आहे.” कंपनी प्रॉडक्टची असेलही. पण त्याचं भारतातलं केंद्र बहुधा मूळ कंपनीला खर्च अधिक ठरावीक टक्के नफा असंच बिल लावतं. हिशेबाच्या वहीत ते सर्व्हिस केंद्रच, फक्त त्याचा ग्राहक एकच आणि तोही मालक. प्रॉडक्टचा कोड, त्याचे हक्क आणि त्यावरचा मोठा नफा परदेशातल्या मुख्य कंपनीकडे. मुलाचं काम चांगलं असतं, पगार सर्व्हिस कंपनीपेक्षा सहसा बरा असतो, त्यामुळे त्याची तक्रार असण्याचं कारण नाही. देशाचा हिशेब मांडताना मात्र त्याला कोणत्या रकान्यात टाकायचं ते समजून टाकलेलं बरं.

(जेवण पोचवणाऱ्या आणि टॅक्सी बोलावणाऱ्या ॲपवाल्यांनाही इंजिनिअर मंडळी ‘प्रॉडक्ट कंपनी’ म्हणतात. त्या सॉफ्टवेअर विकत नाहीत, सॉफ्टवेअरच्या जोरावर दुसरंच काही विकतात. तो विषय वेगळा.)

मुलाखतीला जाणाऱ्याने विचारायचा प्रश्न सोपा आहे: माझ्या कामाचं बिल कोणाला आणि कशाबद्दल लागतं? उत्तरात ‘क्लायंट’, ‘बिलेबल’, ‘अकाउंट’ हे शब्द आले की समजावं, ही सर्व्हिस.

पुढे काय

एआयने दोन्हीकडे भोक पाडायला सुरुवात केली आहे, पण वेगवेगळ्या जागी. सर्व्हिस कंपनी तास विकते. शंभर तासांचं काम सत्तर तासांत होऊ लागलं, तर ग्राहक सत्तर तासांचेच पैसे देणार, आणि ग्राहक हे गणित स्वतःच मांडून आणू लागले आहेत. सगळ्यात आधी गदा येते ती पिरॅमिडच्या तळावर, कारण टेस्टिंग, साधे बदल, कागदपत्रं अशी यंत्राला जमणारी कामं तिथेच होतात. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. तिचा सांगितलेला रोख मधल्या आणि वरच्या फळीवर होता, पण धसका खालपर्यंत पोचला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेने एच-१बी या तिथे काम करण्याच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. ऑनसाइटची वाट त्यामुळे अरुंद झाली. त्याच कारणाने काही कामं जीसीसीकडे वळतील आणि ती भारतातच येतील, म्हणजे देशाचं नुकसान कमी, सर्व्हिस कंपन्यांचं जास्त.

म्हणून प्रॉडक्टवाले सुखात आहेत असं समजू नका. त्यांचं बिल वापरकर्त्यांच्या संख्येवर असतं. ग्राहकाच्या कॉल सेंटरमध्ये शंभर माणसांऐवजी तीस उरली, तर सत्तर जणांची वर्गणी गेली. शिवाय जे साधं सॉफ्टवेअर दोन वर्षांत बनायचं ते आता काही महिन्यांत बनू लागलं, तर नकला करणारेही वाढणार. हिशेब, कर, बँकिंग अशा नियमांच्या जंजाळातले प्रॉडक्ट त्यात जास्त तग धरतील असं मला वाटतं, कारण तिथे कोडपेक्षा नियमांची जाण आणि ग्राहकाचा भरवसा महाग.

सर्व्हिसवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती सहसा कोणी बोलत नाही. जगभरच्या बँकांच्या पोटात चाळीस-चाळीस वर्षं जुने प्रोग्रॅम अजून चालू आहेत, आणि ते कसे चालतात हे ठाऊक असलेली बरीच माणसं आपल्या कंपन्यांमध्ये आहेत. एआय जोडायचा तर आधी ती जुनी वायरिंग उकलावी लागणार. हे काम तासांवर घ्यायचं की निकालावर, यावरून ग्राहक आणि कंपन्या यांच्यात सध्या रस्सीखेच चालली आहे. काही नव्या करारांच्या बिलांत डेव्हलपर आणि तास यांच्याऐवजी वेगळ्याच ओळी दिसतात: इतक्या तक्रारी सोडवल्या, इतके दावे निकाली काढले, दर नगाला इतके. माणसंही मोजलेली नाहीत आणि वापरकर्तेही नाहीत.