हरितमार्गावरील पादचारी-सायकल सिग्नल व त्यांचा निधी (व्हँकूव्हर)

पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी शहरातून सलग आखलेल्या मार्गाला हरितमार्ग किंवा ग्रीनवे म्हणतात. तो बहुधा आतल्या शांत रस्त्यांवरून, पाण्याच्या काठाने किंवा बंद पडलेल्या लोहमार्गावरून नेलेला असल्यामुळे त्याच्या लांबीचा बराचसा भाग तुलनेने कमी खर्चात तयार होतो. खरा खर्च आणि खरा धोका दोन्ही एकवटतात ते हा मार्ग वर्दळीच्या मोठ्या रस्त्याला छेदतो त्या जागी. तेथे सिग्नल नसेल तर लहान मुले, वृद्ध आणि नवखे सायकलस्वार तिथूनच मागे फिरतात आणि नकाशावर अखंड दिसणारा मार्ग वापरात मात्र तुकड्यातुकड्यांचा राहतो. त्यामुळे सिग्नलचे पैसे कोणी आणि केव्हा द्यायचे, हा प्रश्न हरितमार्गाच्या आखणीइतकाच महत्त्वाचा ठरतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हँकूव्हर शहरात तो अनेक अंगांनी पाहायला मिळतो.

व्हँकूव्हरच्या नगर परिषदेने १९९५ मध्ये हरितमार्गांचा आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे १४० किलोमीटर लांबीचे १४ मार्ग होते. कोणत्याही घरापासून हरितमार्ग चालत २५ मिनिटांपेक्षा आणि सायकलने १० मिनिटांपेक्षा दूर असू नये, असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. शहराचे रस्ते चौकटींसारखे आखलेले असल्याने मोठ्या रस्त्याला समांतर जाणारा निवांत रस्ता सहज सापडतो. पण त्या निवांत रस्त्यालाही ठरावीक अंतराने आडवा मोठा रस्ता ओलांडावा लागतोच.

अशा ठिकाणी या प्रांतात ‘अर्धा सिग्नल’ बसवण्याची पद्धत आहे. मोठ्या रस्त्यावरील वाहनांना एरवी लुकलुकणारा हिरवा दिवा दिसतो आणि छेदणाऱ्या लहान रस्त्यावरील मोटारींसाठी दिवा नसून केवळ ‘थांबा’ अशी पाटी असते. पादचाऱ्याने किंवा सायकलस्वाराने बटण दाबले की मोठ्या रस्त्यावरचा दिवा पिवळा आणि मग लाल होतो. सायकलस्वाराचे बटण रस्त्याच्या कडेलगत वेगळ्या खांबावर लावलेले असते, म्हणजे सीटवरून न उतरता हात पोहोचतो. बाहेरून आलेल्या चालकांचा मात्र येथे गोंधळ होऊ शकतो, कारण ऑन्टॅरिओ प्रांतात लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याचा अर्थ ‘डावीकडे वळण्याची मुभा आधी तुम्हाला’ असा होतो. चारही बाजूंच्या पूर्ण सिग्नलपेक्षा या रचनेत दिवे कमी लागतात आणि गल्लीतून मोटारींची पळवाटही तयार होत नाही. तरी खांब, जमिनीखालच्या तारांच्या नळ्या, नियंत्रक पेटी, वीजजोडणी आणि पदपथाचा उतार ही कामे टळत नाहीत. दिव्यांपेक्षा खोदकामच अनेकदा महाग पडते, ही गोष्ट अंदाजपत्रक वाचणाऱ्या सामान्य नागरिकाच्या सहसा लक्षात येत नाही.

या कामांचा मुख्य आधार म्हणजे पालिकेचा चार वर्षांचा भांडवली आराखडा. त्यातील कर्जाऊ रकमेच्या काही भागाला पालिका निवडणुकीबरोबर घेतल्या जाणाऱ्या मतदानात नागरिकांची संमती मागितली जाते. दुसरा स्रोत बांधकामाचा. नव्या इमारतीच्या क्षेत्रफळावर आकारले जाणारे विकासशुल्क उद्याने, पाळणाघरे, घरबांधणी आणि रस्ते-नळ यांसारख्या सुविधांवर खर्च करता येते. शिवाय जमिनीचा वापर किंवा घनता बदलून घेणाऱ्या विकासकाकडून परिसराच्या सुविधांसाठी वेगळे योगदान घेतले जाते. प्रादेशिक वाहतूक संस्था ट्रान्सलिंक सायकल मार्गांच्या खर्चात वाटा उचलते. कॅनडाच्या केंद्र सरकारने पायी व सायकल प्रवासाच्या सोयींसाठी २०२१ मध्ये पाच वर्षांकरिता ४० कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. सर्वांत वेगळा देणगीदार म्हणजे प्रांताची सरकारी वाहनविमा कंपनी आयसीबीसी. अपघात कमी झाले की भरपाईचे दावे कमी होतात, या सरळ हिशेबाने ती रस्तासुधारणेच्या कामांना पैसे देते.

या व्यवस्थेचा दोष असा की विकासकाकडून परिसरासाठी मिळणारे पैसे जिथे इमारती उठतात तिथे येतात आणि जिथे ओलांडणे अवघड आहे तिथे येतीलच असे नाही. बंगल्यांच्या वस्तीतून जाणाऱ्या हरितमार्गाला म्हणून सर्वसाधारण निधीची वाट पाहावी लागते.

आर्ब्युटस हरितमार्गावर ही गुंतागुंत अधिक ठळक दिसते. फॉल्स क्रीक या खाडीपासून फ्रेझर नदीपर्यंत गेलेल्या या जुन्या लोहमार्गावरची रेल्वे २००१ मध्ये थांबली. जमिनीच्या वापरावरून कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे आणि शहर यांच्यात चाललेल्या खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला आणि २०१६ मध्ये शहराने ही पट्टी ५.५ कोटी डॉलरना विकत घेतली. तात्पुरती डांबरी वाट लवकर झाली. परंतु मोठ्या रस्त्यांपाशी लोकांना काही ठिकाणी शेजारच्या सिग्नलपर्यंत वळसा घालावा लागे. केरिसडेल भागात ही वाट ईस्ट बुलेवार्ड आणि वेस्ट बुलेवार्ड या जवळजवळच्या समांतर रस्त्यांमधून जाते, त्यामुळे तिथला सिग्नल दोन्ही बाजूंच्या चौकांतील सिग्नलशी वेळ जुळवूनच चालवावा लागतो. भविष्यात याच पट्टीवर ट्राम आणण्याचा विचार असल्याने आज रोवलेला खांब उद्या हलवावा लागेल का, हेही खर्च मंजूर करताना पाहणे भाग पडते.

सीमेपलीकडे अमेरिकेत पैशांआधी निकषाचा अडसर येतो. तेथील २००९ च्या राष्ट्रीय वाहतूक-चिन्ह नियमावलीनुसार केवळ पादचारी संख्येच्या आधारे पूर्ण सिग्नल बसवायचा, तर साधारण वेगाच्या रस्त्यावर वाहने कितीही असली तरी चार तासांत दर तासाला किमान १०७ माणसे रस्ता ओलांडत असावी लागत. धोकादायक जागी माणसे मुळात ओलांडतच नाहीत, त्यामुळे गरज असूनही आकडा भरत नाही. अ‍ॅरिझोनातील टुसान शहरात घडवलेला, पादचाऱ्याने बटण दाबल्यावरच पेटणारा ‘हॉक’ दिवा त्याच नियमावलीत समाविष्ट झाला आणि त्याची अट तासाला २० माणसांपर्यंत खाली आली. त्याहून स्वस्त असलेल्या वेगाने लुकलुकणाऱ्या पिवळ्या दिव्यांची परवानगी पेटंटच्या कारणाने डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय महामार्ग प्रशासनाने मागे घेतली आणि पेटंटचा अडसर दूर झाल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा दिली. केंद्राचे अनुदान सर्वसाधारणपणे खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत असते आणि ते बहुधा काम झाल्यावर प्रतिपूर्ती म्हणून मिळते, त्यामुळे लहान नगरपालिकांना पैसे आधी स्वतःच उभे करावे लागतात.

दोन्ही देशांत अशी अनुदाने प्रामुख्याने उभारणीसाठी असतात. वीजबिल, बिघडलेली बटणे, मोटारीच्या धडकेने वाकलेले खांब आणि बदललेल्या रहदारीप्रमाणे दिव्यांच्या वेळा नव्याने बसवणे हा दरवर्षीचा खर्च पालिकेच्या चालू अंदाजपत्रकातून भागवला जातो.