मैफलीचा हंगाम, परीक्षेचा हंगाम

मुंबईत केवळ कार्यक्रमांच्या बिदागीवर घर चालवणारे गायक-वादक पूर्वीही मोजकेच होते, आजही आहेत. बाकीच्यांचा महिना शिकवण्यांवर निघतो.

सुरुवातीला गणित उलटं होतं. लाहोरला 1901 मध्ये संगीत विद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्कर या गायकाने 1908 मध्ये मुंबईत शाखा उघडली आणि पुढे मुक्कामच इथे हलवला. विद्यालयाची तूट ते तिकीट लावलेल्या जलशांतून भरून काढत, म्हणजे मैफल शाळेला पोसत होती. इमारतीच्या कर्जापुढे ते चाललं नाही. 1924 मध्ये वास्तूचा लिलाव झाला. पुढच्याच वर्षी त्यांच्या एका शिष्याने ऑपेरा हाउसपाशी स्वतःची शाळा सुरू केली. 1931 मध्ये शिष्यमंडळींनी परीक्षा घेणारी संस्था उभी केली आणि प्रारंभिक ते अलंकार ही परीक्षांची उतरंड घरोघरी पोचली. गंडाबंधन घेतलेल्या, म्हणजे गुरूने धागा बांधून स्वीकारलेल्या शिष्याऐवजी महिन्याची फी देणारा विद्यार्थी आला. घराण्यांच्या जाणकारांनी या बदलाला नाकं मुरडली, पण गिरगाव-दादरच्या चाळींतल्या मुलींना गाणं मिळालं ते याच वाटेने.

रेडिओमुळे, 1950 च्या दशकातल्या त्याच्या ऑडिशनमुळे आणि तिथे मिळालेल्या ग्रेडमुळे क्लासच्या पाटीला वजन आलं. सिनेमाच्या रेकॉर्डिंगने अनेक वादकांना शिकवण्यांपासून बरीच वर्षं दूर ठेवलं. कीबोर्ड आणि प्रोग्रामिंगने रेकॉर्डिंगची सेशन आटल्यावर त्यातले कित्येक पुन्हा शिकवण्याकडे वळले.

खरी उलथापालथ मात्र अलीकडची. 2017 च्या दहावीपासून राज्यात शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण असलेल्यांना अतिरिक्त गुण मिळू लागले. चित्रकला आणि लोककलाही त्यात होत्या, खेळाडूंची सवलत तर आधीपासूनच होती. त्या वर्षी 193 विद्यार्थ्यांना शंभर टक्के पडले आणि वर्तमानपत्रांतून वाद पेटला. टीका झाली ती गुणांच्या फुगवट्यावर. अकरावीच्या प्रवेशाला दशांशाने जागा हुकते तिथे तबला वाजवणाऱ्याला जास्त गुण का, असा सूर होता. शिकवणाऱ्यांचं काय होणार, हे फारसं कुणी विचारलं नाही.

गुण मिळतात ते शासनाने मान्य केलेल्या संस्थांच्या परीक्षांना. म्हणजे उत्तम तालीम देणारा, पण परीक्षेला न बसवणारा गुरू पालकांच्या हिशेबातून बाद. चौकशीला येणारे पालक आधी विचारतात, 'दहावीपर्यंत किती परीक्षा होतील?' राग भूप महिनोन् महिने घोळवायचा की अभ्यासक्रमातले सगळे राग उरकायचे, याचं उत्तर मग फॉर्म भरायची तारीख देते. बाजू घ्यायचीच तर एवढं म्हणता येईल, की या निर्णयाने क्लास भरले आणि बऱ्याच तरुण कलाकारांचं घरभाडं सुटलं. नववीपर्यंत गाणं सोडून देणारी मुलं आणखी वर्षभर टिकली, हेही खरं. पण दहावीचा निकाल लागला की तानपुरा कपाटावर जातो. त्यातून श्रोता तरी तयार होतो का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

शिवाय वेळापत्रकाची अडचण. संगीताच्या या परीक्षांचं एक सत्र एप्रिल-मे महिन्यांत, दुसरं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. हे दुसरं सत्र नेमकं मैफलींच्या हंगामात येतं. ज्या शनिवार-रविवारी गायकांना बोलावणी असतात, त्याच दिवशी केंद्रावर विद्यार्थ्यांसोबत हजर राहायचं किंवा परीक्षक म्हणून दुसऱ्या गावी जायचं. साथीदारांची ओढाताण आणखी वाईट, कारण त्यांना परीक्षेतही साथ करावी लागते.

समाजात वावरणं म्हणतात ते मैफली आणि शिकवण्या या दोन्हींच्या फटीत बसवलेलं. गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम, सोसायटीच्या गणपतीतलं गाणं, उपनगरातल्या म्युझिक सर्कलच्या कमिटीचं काम, सगळं बहुधा बिनपैशाचं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर मांडवातल्या रात्रभराच्या बैठकींना उघड्यावर जागा उरली नाही. कार्यक्रम रात्री दहाच्या आत संपू लागले, सकाळच्या मैफली वाढल्या. नव्या मुलांना एखादा राग तासभर मांडायची संधी त्या मानाने कमी झाली.

2020 नंतर ऑनलाइन शिकवण्यांनी आणखी एक उत्पन्न आणलं. अमेरिकेतली मुलं शाळा आटोपून बसतात तेव्हा इथे पहाट असते. ठाण्या-डोंबिवलीतल्या अनेक गायकांची रियाजाची वेळ त्यांनाच दिलेली आहे.