पैसे जमा व्हायला पिन लागत नाही
(आंबा-काजू विक्रेते, होमस्टे चालक आणि दुकानदारांसाठी)

एप्रिल-मे महिन्यांत पेटीचा आगाऊ असो की खोलीचा, बहुतेक पैसे यूपीआयनेच येतात. ठगही हाच हंगाम धरतात. त्यांची रीत ठरलेली. बोलणारा स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवतो, घासाघीस न करता चार खोल्या किंवा दहा पेट्या मागतो आणि व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड धाडतो. ‘स्कॅन करून पिन टाका, आगाऊ जमा होईल.’

इथेच थांबा. यूपीआय पिन म्हणजे आपल्या खात्यातून पैसे देण्याची सही. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो, ना पिन. व्यक्तीकडून व्यक्तीला पैशाची मागणी पाठवण्याची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली, पण क्यूआरची ही युक्ती अजून चालते, कारण तिथे पिन आपणच टाकतो.

गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट हा पैसे आल्याचा पुरावा नव्हे. तो बनवता येतो. साऊंडबॉक्स बोलला नाही, तर आपल्या ॲपमध्ये किंवा बँकेच्या नोंदीत रक्कम बघा, मगच पेटी गाडीत चढवा. दुकानाबाहेर चिकटवलेला क्यूआर रोज सकाळी स्वतः स्कॅन करून नाव तपासा. वरून दुसराच कागद चिकटवलेला असू शकतो.

पावसाळ्यात लाइट गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की रेंजही जाते, त्यावर इलाज नाही. पण नुसतं इंटरनेट बंद असेल आणि साधा कॉल लागत असेल, तर बँकेत नोंदवलेल्या नंबरावरून *99# लावून 5,000 रुपयांपर्यंत पाठवता येतात. मिरगाच्या आधीच एकदा 1 रुपया पाठवून बघा. ऐन पावसात पहिल्यांदा करायला गेलात तर डेबिट कार्डाचे आकडे शोधण्यातच वेळ जातो.

खात्यातून पैसे गेले, पण समोरच्याला पोचले नाहीत, तर घाईने दुसऱ्यांदा पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार व्यक्तीला पाठवलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला पाठवलेली पाच दिवसांत परत यायला हवी. त्यापुढे बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा.

फसवणूक झालीच, तर लाजू नका आणि उद्यावर ढकलू नका. ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेला कळवा. पैसे ठगाच्या पहिल्या खात्यात असेपर्यंतच ते गोठवणं सोपं असतं. पुढच्या खात्यांत पांगले की माग काढणं कठीण. पिन आपणच दिला असेल, तर कळवण्याआधीचं नुकसान सहसा आपल्यावरच पडतं, म्हणून मिनिटं मोलाची.

पावसातल्या वाचनासाठी रिझर्व्ह बँकेची ‘राजू अँड द फॉर्टी थीव्ज’ ही सचित्र पुस्तिका जरूर घ्या. फसवणुकीच्या चाळीस छोट्या गोष्टी आहेत, बँकेच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. पैशांपलीकडचं काही हवं असेल, तर रत्नागिरीत 1828 पासूनचं जिल्हा नगर वाचनालय आहेच. पुस्तिकेतली एकेक गोष्ट रात्री जेवणानंतर शाळकरी मुलांनी मोठ्यानं वाचून मराठीत समजावली, तर फोन हाताळणाऱ्या आजी-आजोबांपर्यंतही ती पोचते.