चुंबकाचा ठोका आणि स्वमग्न मुलाचा मेंदू

गेल्या महिन्यात परिचयातील एका मातेने एका उपचार केंद्राचे पत्रक माझ्यासमोर ठेवले. तिच्या चार वर्षांच्या मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे निदान झाले आहे. डोक्याजवळ चुंबकीय कॉइल धरून तीस बैठकांत मूल बोलू लागेल, अशी हमी त्या पत्रकात होती. ‘चुंबकाने मेंदूत खरोखर काही घडते का?’ असे तिने विचारले. घडते, आणि ते कसे घडते हे समजून घेतले, की अशी हमी का देता येत नाही तेही उलगडते.

शाळेतला फॅरेडेचा प्रयोग आठवावा. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक नुसता ठेवला तर गॅल्व्हानोमीटरचा काटा हलत नाही. चुंबक पुढेमागे केला की हलतो. वीज निर्माण होते ती चुंबकीय क्षेत्र बदलल्यामुळे. १८३१ मधील हे निरीक्षण १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मेंदूसाठी वापरले. या पद्धतीला टीएमएस (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन), म्हणजे कवटीबाहेरून चुंबकीय ठोक्यांनी मेंदू उत्तेजित करणे, म्हणतात. धारित्रात (कपॅसिटरमध्ये) साठवलेली वीज कॉइलमधून एकदम सोडली, की काही हजार अँपिअरची धारा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात येऊन जाते आणि चुंबकीय क्षेत्र शून्यापासून दीड-दोन टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) झेपावते. कवटीचे हाड विजेला मोठा अडथळा करते, चुंबकीय क्षेत्राला करत नाही. म्हणून त्वचेवर विजेचा झटका न देताही हाडाखाली, दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंत, विद्युत क्षेत्र निर्माण होते. चेतापेशीचा अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहून नेणारा लांब धागा, जिथे वळतो किंवा संपतो तिथे पेशीच्या पटलावरील व्होल्टता उंबरठा ओलांडते आणि पेशी संदेश सोडते. अंगठ्याची हालचाल घडवणाऱ्या भागावर असा ठोका दिला, तर मनात नसतानाही अंगठा उडतो. हवेतून दिलेला ठोका बोटापर्यंत पोहोचतो, याचे नवल मला आजही वाटते.

एमआरआय यंत्राचे मुख्य क्षेत्रही दीड ते तीन टेस्लाचे असते. पण ते स्थिर असल्याने त्यात निश्चल पडून राहिलेल्या रुग्णाच्या चेतापेशी उत्तेजित होत नाहीत. मग बाजारात मिळणारी चुंबकीय कडी, माळा आणि उशा मुलाची एकाग्रता कशी वाढवणार? स्थिर चुंबक अंगावर बाळगून मेंदू सुधारतो हा दावा फॅरेडेच्या नियमापुढे टिकत नाही, आणि अशा वस्तूंवर पालकांनी पैसे घालवू नयेत.

एका ठोक्याचा परिणाम क्षणिक असतो; ठोक्यांची मालिका मात्र चेतापेशींच्या जोडण्यांचे बळ काही काळ बदलू शकते. सेकंदाला एक अशा संथ ठोक्यांनी तो भाग सहसा शांत होतो, पाच किंवा त्याहून अधिक वेगाच्या ठोक्यांनी उत्तेजित होतो. स्वमग्नतेशी याचा संबंध जोडला जातो तो रुबेनस्टाइन आणि मर्झेनिच या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेल्या गृहीतकामुळे: मेंदूतील ग्लुटामेट या रसायनाची उत्तेजना आणि गाबा या रसायनाचा लगाम यांचा तोल काही स्वमग्न व्यक्तींत उत्तेजनेकडे झुकलेला असावा. तसे असेल तर संथ ठोक्यांनी तो सावरता येईल, ही कल्पना आकर्षक आहे. परंतु स्वमग्नता ही एकाच कारणाची, मेंदूतल्या एकाच ठिकाणची अवस्था नाही, त्यामुळे कॉइल नेमकी कुठे धरावी आणि कोणत्या वेगाने ठोके द्यावेत यावरच अजून एकमत नाही.

लहान मुलांत अडचण वाढते. ठोक्याची तीव्रता ठरवण्यासाठी अंगठा उडतो तो किमान जोर आधी मोजतात. पण लहान वयात अक्षतंतूंवरील मायलिनचे आवरण पूर्ण तयार झालेले नसते, म्हणून हा उंबरठा मोठ्यांपेक्षा वर असतो आणि कधी यंत्राच्या पूर्ण क्षमतेवरही अंगठा हलत नाही. कॉइलच्या प्रत्येक ठोक्याला कर्कश टकटक होते, त्यामुळे कानांचे संरक्षण अत्यावश्यक असते, आणि आवाजाने बिथरणाऱ्या मुलाला त्यासाठी स्थिर बसवणे सोपे नसते. स्वमग्न मुलांत अपस्माराचे प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक आहे आणि या उपचाराचा विरळ परंतु गंभीर धोका म्हणजे आकडी येणे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टीएमएसला नैराश्यासाठी २००८ मध्ये परवानगी दिली. स्वमग्नतेसाठी दिलेली नाही.

‘पण काही मुलांत फरक पडलेला दिसतो,’ असे ती माता म्हणाली. तिला मी सिक्रेटिनची हकीकत सांगितली. या संप्रेरकाच्या इंजेक्शनने स्वमग्न मुले सुधारतात असे १९९८ मध्ये तीन मुलांवरून प्रसिद्ध झाले. १९९९ मध्ये अमेरिकेत ५६ मुलांची चाचणी पूर्ण झाली. निम्म्यांना सिक्रेटिन आणि निम्म्यांना मिठाचे पाणी दिले होते. दोन्ही गटांत सुधारणा दिसली आणि सिक्रेटिन मिठाच्या पाण्याहून सरस ठरले नाही. तरीही निकाल कळल्यावर ६९ टक्के पालकांनी या उपचारात रस कायम असल्याचे सांगितले. मुले वाढत असतात आणि पालकांची नजर आशेची असते; म्हणून टीएमएसच्या चाचण्यांतही आवाज तसाच करणारी, पण मेंदूपर्यंत परिणामकारक क्षेत्र न पोहोचवणारी कॉइल तुलनेसाठी वापरावी लागते.

केंद्राकडे जायचेच असेल तर हा उपचार नोंदणीकृत चाचणीचा भाग आहे का, नैतिकता समितीची मान्यता आहे का आणि संशोधनातील उपचाराचे पैसे पालकांकडून का घेतले जात आहेत, हे तीन प्रश्न लेखी विचार, असे मी तिला सुचवले. उत्तर येईपर्यंत मुलाच्या वाचोपचाराच्या आठवड्यातील दोन बैठका तिने चालूच ठेवल्या आहेत.