मंगळावर धुळीचं वादळ नेमकं उठतं कुठून?

नागपुरात मे महिन्यात दिवसभर ऊन तापतं, संध्याकाळी अचानक धुळीचा लोट उठतो, दारं-खिडक्या आपटतात, पण मागोमाग पाऊस आला की धूळ खाली बसते. मंगळावर पाऊसच नाही. त्यामुळे एकदा वर गेलेली बारीक धूळ कधी कधी महिनोन्‌महिने हवेतच राहते, म्हणून वादळ उठतं कुठून याला तिथे फार महत्त्व आहे.

आणि ते कुठेही उठत नाही बरं का, मोठ्या वादळांच्या जागा बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत. दक्षिणेला हेलास नावाचा अवाढव्य खड्डा आहे, रुंदी जवळपास २३०० किलोमीटर, खोली ७ किलोमीटरच्या वर. मंगळाची हवा एरवी अगदीच विरळ, आपल्या एक टक्क्याहूनही कमी दाबाची, पण या खड्ड्याच्या तळाशी ती त्यातल्या त्यात दाट असते, म्हणजे धूळ उचलायला जोर जास्त. त्यात दिवसा उतारावरून वारा वर चढतो, रात्री खाली येतो, आणि वसंतात दक्षिण ध्रुवाकडचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड मागे सरकतो तेव्हा थंड बर्फ आणि तापलेली जमीन शेजारी-शेजारी येऊन वारा आणखी वाढतो. दक्षिणेचा उन्हाळा नेमका मंगळ सूर्याजवळ असताना येतो, सर्वात लांब असतानापेक्षा तेव्हा ऊन सुमारे ४५ टक्के जास्त. २००१ मध्ये हेलासच्या भागात सुरू झालेल्या वादळाने अख्खा ग्रह झाकून टाकला होता.

उत्तरेकडची वादळं अ‍ॅसिडेलिया, युटोपिया अशा सखल मैदानांतून दक्षिणेकडे सरकतात, कधी विषुववृत्तही ओलांडतात. उंच भाग मात्र धुळीच्या वर राहतात. नोव्हेंबर १९७१ मध्ये नासाचं मरिनर ९ यान मंगळाजवळ पोचलं तेव्हा खाली सगळं धूसर होतं, फक्त ऑलिंपस मॉन्स आणि थार्सिस या उंच पठारावरच्या ज्वालामुखींचे माथे काळ्या ठिपक्यांसारखे दिसत होते!

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते ऑपॉर्च्युनिटी रोव्हरचं. फक्त ९० दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी १४ वर्षं चालली, पण मे २०१८ अखेर तिच्यापासून फार लांब नसलेल्या भागात वादळ सुरू झालं, वरचं आभाळ इतकं काळवंडलं की सोलर पॅनलला ऊनच मिळेना, आणि १० जूनला शेवटचा संदेश आला. गेल विवरातल्या क्युरिऑसिटी या दुसऱ्या रोव्हरवरही तीच धूळ पोचली, पण तिची वीज प्लुटोनियमच्या उष्णतेतून येते, म्हणून ती त्या अंधुक उजेडातही फोटो काढत काम करत राहिली.