पंधरा पायऱ्यांचा आवाज: फोनच्या व्हॉल्यूमची पार्श्वभूमी

रात्री घर निजलेले असते. कानात इअरफोन, आवाज पहिल्या पायरीवर, तरी तो जरा जास्तच वाटतो. बटण आणखी एकदा दाबले की थेट शांतता. यात दोष इअरफोनचा थोडा आणि एका जुन्या तक्त्याचा जास्त.

ट्रान्झिस्टरचा कान पिळला की आवाज सलग चढायचा. आतली कार्बनची पट्टी मुद्दाम विषम केलेली असे: बटण अर्धे फिरले तरी व्होल्टेज साधारण दहाव्या भागाइतकेच पुढे जाई. माणसाचा कान आवाज बेरजेने नव्हे, पटीने मोजतो, म्हणून ही सोय. (पट्टीवर धूळ बसली की खरखर, ती वेगळी कटकट.)

फोनवर गोल बटणाची जागा वर-खाली अशा दोन कळांनी घेतली आणि पायऱ्या मोजक्या झाल्या. आयफोनने १६ ठेवल्या. अँड्रॉइडने रिंगला ७ आणि गाणी-व्हिडिओला १५ दिल्या. या १५ पायऱ्यांना डेसिबल वाटून देणारा मूळ अँड्रॉइडमधला तक्ता पाहण्यासारखा आहे. पडद्यावरच्या व्हॉल्यूम पट्टीच्या १ टक्क्याला उणे ५८ डेसिबल, २० टक्क्यांना उणे ४०, ६० टक्क्यांना उणे १७ आणि १०० टक्क्यांना शून्य. शून्य म्हणजे फोनचा पूर्ण आवाज, उणे आकडा म्हणजे त्याहून तेवढा कमी. म्हणजे पहिल्या तीन पायऱ्यांत प्रत्येक उडी साडेसहा डेसिबलच्या आसपास, मध्यभागी पावणेचार, वर पावणेतीन. जिथे बारीक फरक हवा, नेमक्या तिथेच उड्या सर्वांत मोठ्या. फोनचा कमाल आउटपुट १ व्होल्ट आणि इअरफोन १ व्होल्टला १२० डेसिबल देणारा धरला, तर पहिल्याच पायरीवर गाण्याची शिखरे ६७ डेसिबलपर्यंत जातात. निजलेल्या घरात ती भरपूर झाली. कंपन्या हा तक्ता आपापल्या मॉडेलसाठी बदलतात, त्यामुळे एकच इअरफोन दोन फोनवर वेगळा वागतो.

यावर पळवाटा निघाल्या. रूट केलेल्या, म्हणजे सिस्टीमचे पूर्ण अधिकार मिळवलेल्या फोनवर ‘बिल्ड डॉट प्रॉप’ फाइलमध्ये मीडियाच्या पायऱ्या ३० लिहिल्या की उड्या निम्म्या होतात. तक्त्याचा तळ मात्र तोच राहतो आणि सिस्टीम अपडेट आला की ही करामत बहुधा पुसली जाते. एलजीने २०१५ च्या व्ही१० मध्ये हाय-फाय डॅकसोबत (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप) ७५ पायऱ्या दिल्या. सॅमसंगच्या साउंड असिस्टंट अ‍ॅपमध्ये एका दाबाला आवाज किती हलावा, हे १ ते १० मधून ठरवता येते. रूट नको असेल तर हाच उपाय सर्वांत सरळ.

इतर फोनवर आवाजाचा बारीक ताबा मागच्या दाराने आला, इक्वलायझरमधून, म्हणजे आवाजाचे खालचे-वरचे सूर पट्ट्यापट्ट्याने कमी-जास्त करणाऱ्या सोयीतून. डिसेंबर २०१० च्या अँड्रॉइड २.३ ने इक्वलायझर, बास बूस्ट आणि व्हर्च्युअलायझर अ‍ॅप्सना खुले केले. पण पट्टे सहसा पाचच: ६०, २३०, ९१०, ३६०० आणि १४००० हर्ट्झ. बऱ्याच इअरफोनची कर्कश टोके ६ ते ८ हजार हर्ट्झच्या दरम्यान असतात, तिथे एकही पट्टा नाही. २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये पट्टे हवे तिथे मांडता येणारी नवी यंत्रणा आली आणि तिच्यात इनपुट गेनही होता, म्हणजे आत येणारा आवाज सरसकट कमी-जास्त करण्याची सोय. तो उणे ३ डेसिबल केला की दोन पायऱ्यांमधला आवाज मिळतो. बारीक व्हॉल्यूम देणारी अ‍ॅप्स याच पद्धतीने चालतात.

दरम्यान हरमन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ पासून, बहुतेक श्रोत्यांना हेडफोनचा कोणता आवाज आवडतो, यावर काम केले. त्यातून एक लक्ष्यरेषा मिळाली, म्हणजे कोणता सूर किती मोठा असावा याचा आलेख. ऑटोईक्यू हा मुक्त प्रकल्प हेडफोनच्या मोजमापांची या रेषेशी तुलना करून मॉडेलनुसार तयार आकडे देतो, आणि वेव्हलेटसारखी अ‍ॅप्स ते लागू करतात. या आकड्यांत ‘प्रीअँप’ (सगळा आवाज आधीच तेवढा कमी करणारा आकडा) उणे ६ वगैरे दिसतो, तो काढू नये. एखादा पट्टा ६ डेसिबल वर नेला आणि तेवढी जागा आधी मोकळी केली नाही, तर मोठ्या सुरावर आवाज फाटतो. पहिलीच पायरी मोठी असल्याची तक्रारही या उणे ६ मुळे थोडी कमी होते, हा वरकड फायदा. फोनमधली डॉल्बी ही आवाज बदलणारी सोय आधी बंद करावी. नाहीतर दोन इक्वलायझर एकावर एक बसतात. काही प्लेअर आपले ऑडिओ सेशन, म्हणजे चालू आवाजाची ओळख, इतर अ‍ॅप्सना जाहीर करत नाहीत, तिथे बाहेरचे अ‍ॅप गप्पच राहते.

ब्लूटूथची गोष्ट निराळी. ‘अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम’मध्ये फोन हेडसेटला ० ते १२७ पैकी एक आकडा पाठवतो. पायऱ्या १५ च असल्याने हा आकडा दर दाबाला ८-९ ने उडतो आणि त्याचे डेसिबल किती, हे हेडसेट ठरवतो. हेडसेटचा सर्वांत कमी आवाजही मोठा असेल तर फोनच्या सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर पर्याय उघडावेत, अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद करावा आणि हेडसेटची जोडणी तोडून तो पुन्हा जोडावा. मग फोनचा आवाज वेगळा, हेडसेटचा वेगळा. हेडसेट त्याच्या कळांनी खाली आणून ठेवायचा आणि फोनवर मधल्या पायऱ्या वापरायच्या, जिथे उड्या लहान आहेत.