डॉक्टरेट केली की मोठी पोस्ट नक्की?

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत अन ग्रुपवर एक मेसेज कायम फिरत असतोय, लोकप्रशासनात पीएचडी करा, कलेक्टर व्हायच्या परीक्षेत जास्तीचे मार्क मिळतेत.

तसं काही नाही. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेला पात्रता फक्त पदवी, कोणत्याही शाखेची. पूर्व परीक्षा नुसती पास व्हायची, तिचे मार्क पुढं धरत नाहीत, मेरिट लागतं ते मुख्यचे 1750 अन मुलाखतीचे 275 मिळून 2025 मार्कांवर. यात पीएचडीचा रकानाच नाही, वयातपण सूट नाही. खुल्या गटाला 32 ची मर्यादा अन पीएचडीला किमान 3 वर्षं, आता हिशोब तुम्हीच लावा. पटत नसलं तर जाहिरात उघडून शैक्षणिक पात्रता अन वय हे दोनच मुद्दे वाचा, दहा मिनिटांचं काम आहे.

मेसेज अगदीच हवेतला नाही म्हणा, प्राध्यापकी अन संशोधनात पीएचडीला खरंच वजन आहे, तिथूनच हे इकडं आलं असावं.

याच विषयातली दुसरी डॉक्टरेट म्हणजे डीपीए, डॉक्टर ऑफ पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन, अमेरिकेत जास्त चालती. पीएचडीत संशोधन करून ज्ञानात नवी भर घालायची असते, डीपीएत नोकरीतल्याच एखाद्या अडचणीवर अभ्यास, म्हणून ती आधीच नोकरीत मुरलेल्यांना बरी पडते. पण ती घेऊन इथं शिकवायचा विचार असेल तर फी भरायच्या आधी समकक्षता, म्हणजे इथल्या डिग्रीच्या बरोबरीची मान्यता, मिळती का ते लेखी विचारून घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.